चौथाई

मृगाचा पाऊस जवळ आला की आमच्या घरात भांड्यांची मांडामांड सुरू होई. ती स्वयंपाकासाठी नव्हे. मधल्या खोलीत खिडकीपाशी पितळेचे पातेले, देवघराच्या कोपऱ्यात परात आणि पलंगाच्या उशाशी बादली. बादलीत एक जुने फडके टाकून ठेवायचे, म्हणजे रात्री थेंबांचा आवाज होत नाही. कोणत्या गळतीखाली कोणते भांडे हे इतके ठरून गेले होते की, आमच्या सासूबाई गळतीचे नावच घेत नसत. आभाळ भरून आले की त्या आतूनच विचारीत, "परात लावलीस का ग?" आणि मी पोळ्या लाटता लाटता उत्तर देई, "लावली. पातेलंही लावलं."

पुण्यातल्या एका जुन्या पेठेतला हा वाडा. शनिवारवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर. खाली दगडी चौथरा, वर लाकडी सांगाडा, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, मध्ये चौक आणि चौकात एक बंद पडलेली विहीर. आमच्या वाट्याला माडीवरच्या दोन खोल्या आणि सज्जाचा एक तुकडा. मामंजींनी या खोल्या १९५८ साली भाड्याने घेतल्या. मी २००२ साली लग्न होऊन येथे आले. मी मॅट्रिक झालेली बाई, आताच्या भाषेत दहावी पास. एका शाळेच्या बालवर्गात शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दोन छापल्या गेल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या कादंबरीत मी एक घरमालक रंगवला होता. तो इतका दुष्ट होता की, आता तो मला माझाच पोरकटपणा वाटतो. त्याचे कारण पुढे येईलच.

थोरले मालक होते तोवर दर वैशाखात वाड्याची शाकारणी होत असे. कौले चाळणारे दोघे गडी येत, फुटकी कौले काढून नवी बसवीत, पन्हळीतला पाला उपसून टाकीत, आणि खाली उभे राहून थोरले मालक हातातल्या काठीने "तिकडे, त्या आढ्यापाशी बघ" असे दाखवीत. २०११ साली ते गेले. त्यांच्या चिरंजीवांकडे वाड्याचा कारभार आला. चिरंजीव म्हणजे काही तरुण नव्हते; तेही तेव्हा पंचावन्नाच्या घरात होते. पहिली दोन-तीन वर्षे शाकारणी राहून गेली. मग पाणी आत येऊ लागले. मग आम्ही सांगू लागलो.

मालक दुरुस्ती करीत नसत असे मी म्हणणार नाही. ते दुरुस्ती करीत आणि ती न करण्यापेक्षा वाईट असे. २०१७ साली त्यांनी आमच्या डोक्यावरची कौले काढून पत्रे घातले. पत्र्याचा उतार उलटा झाला आणि छपरावरचे सगळे पाणी वळचणीला जाण्याऐवजी सरळ भिंतीत उतरू लागले. भिंत ओली झाली, तेव्हा २०१८ साली त्यांनी तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करवला. दिसायला झकास झाले. परंतु मातीची भिंत ही माणसासारखी असते. तिला श्वास घ्यावा लागतो. पावसाळ्यात ती ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले, ओल आतच राहिली, आणि चार महिन्यांत भिंतीने पोट काढले. त्यावर मालकांच्या गवंड्याने उपाय म्हणून मधल्या खोलीत, अगदी मधोमध, तुळईला एक टेकू दिला.

हा टेकू आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखा राहिला. पहिले काही दिवस आम्ही सगळे त्याला धडकलो. मग सवय झाली. सासूबाईंनी त्याला खिळा मारून त्यावर पंचांगाचे कॅलेंडर लावले. माझी मुलगी त्याच्यावर पेन्सिलीने स्वतःची उंची मांडू लागली. आमचे हे एकदा म्हणाले, "आपल्या घरात कमवता पुरुष एकच आहे, तो म्हणजे हा. सगळं घर त्याच्या डोक्यावर आहे." आम्ही हसलो. पण रात्री दिवा मालवल्यावर मला ती तुळई दिसत नसली तरी तिचे ओझे कळत असे.

तुम्ही म्हणाल, मग गप्प का बसला होता? त्याचे उत्तर आमच्या भाड्याच्या पावतीवर होते. भाडे होते महिना ८४ रुपये.

हा आकडा मी शाळेत कधी उच्चारत नसे. एकदा तोंडातून गेला, तर शेजारी बसलेल्या बाई चहाचा कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या शहराबाहेर एका नव्या इमारतीत राहत होत्या, लीव्ह अँड लायसन्सवर. अकरा महिन्यांचा करार, भाडे महिना चौदा हजार. "चौऱ्याऐंशी रुपयांत तुम्हाला छप्परही न गळणारं हवं?" त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. वस्तुतः त्यांच्याही न्हाणीघराच्या छतातून वरच्या मजल्याचे पाणी ठिबकत होते, आणि त्याही गप्पच होत्या. मला लाज वाटत होती म्हणून मी गप्प, आणि करार पुन्हा होणार नाही म्हणून त्या गप्प. भाडे कमी असो की जास्त, भाडेकरूच्या तोंडाला कुलूप घालायला काही ना काही सापडतेच.

ही लाज सगळीच खोटी होती असेही नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जिथल्या तिथे बांधून ठेवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावे हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण रुपयाची किंमत उतरत गेली आणि भाडी तिथेच राहिली. ती तशीच गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली म्हटले. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला दरसाल शेकडा चार रुपये वाढ घेण्याची मुभा दिली. चार टक्क्यांनी आमचे भाडे वाढून वाढून ८४ झाले होते. वाड्यात बिऱ्हाडे सात. सातांचे मिळून महिन्याचे सहाशे रुपयेही होत नसत. एका गवंड्याची एका दिवसाची मजुरी त्याहून जास्त होती. हा हिशेब मी पहिल्या कादंबरीच्या वेळी मांडला असता, तर तो घरमालक इतका काळा रंगवला नसता.

पण ८४ रुपये भाडे आहे म्हणून भिंत अंगावर पडून घ्यावी काय, हा प्रश्न २०१९ च्या मे महिन्यात आमच्यापुढे उभा राहिला.

शाळेला सुटी होती. मुलगी मामाकडे गेली होती. पहाटे तीन-साडेतीनला पोते आपटावे तसा आवाज झाला. दिवा लावून पाहिले, तर भिंतीच्या पोटाचा एक मोठा लपका, आतली माती आणि वरचे सिमेंट एकत्र, मुलीच्या अंथरुणाच्या जागी पडलेला. ती असती तर तिची उशी नेमकी तिथेच असती. आम्ही तिघे त्या ढिगाकडे पाहत उभे राहिलो. सासूबाई खाली बसल्या आणि हाताने माती गोळा करू लागल्या. मी म्हटले, "राहू द्या, सकाळी काढू." त्या म्हणाल्या, "सकाळी कशाला, आत्ताच काढते," आणि काढत राहिल्या.

माझ्या बालवर्गात एक मुलगी होती. तिचे आजोबा निवृत्त वकील. ते रोज तिला सोडायला येत आणि माझी कादंबरी वाचल्याचे दर आठवड्याला सांगत. सुटीत मी त्यांचे घर गाठले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "भाडं थांबवलंय का?"

"नाही. पण आता थांबवावं म्हणतेय."

"तेवढं मात्र करू नका. घर गळतं म्हणून भाडं बंद करणं ही भाडेकरूनं स्वतःच्या हातानं खणलेली विहीर आहे. मालक थकबाकीची मागणी करणारी नोटीस देतो, नव्वद दिवस वाट पाहतो आणि दावा लावतो. मग कोर्टात चर्चा गळतीची होत नाही, थकबाकीची होते. भाडं द्या, वेळेवर द्या आणि पावती घ्या. घेत नसेल तर मनीऑर्डरनं पाठवा."

मग त्यांनी कायदा समजावला. करारात काही वेगळे ठरलेले नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे १९९९ च्या कायद्याचे कलम १४ सांगते. भाडे किती, हे त्या कलमात कोठेही विचारलेले नाही. मालकाने हयगय केली, तर भाडेकरूने त्याला निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. एकट्याने द्या किंवा साऱ्या भाडेकरूंनी मिळून द्या. मुदत उलटून, वाजवी वेळ जाऊनही काही झाले नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. खर्चाच्या पावत्या आणि हिशेब नीट ठेवायचे. तो हिशेब मालकावर बंधनकारक असतो.

"आणि एक," वकीलसाहेब म्हणाले, "जिथं जे होतं तिथं तेच लावा. वाशाच्या जागी वासा, कौलाच्या जागी कौल. नवी भिंत नको, पोटमाळा नको. मालकाच्या लेखी परवानगीवाचून पक्कं बांधकाम केलंत, तर घर खाली करून मागायला त्याला तेवढं कारण पुरतं."

मी सगळे वहीत उतरून घेतले. निघताना ते म्हणाले, "कापायला मर्यादा आहे हं. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही."

मला हसू आले. चौथाई! बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, हे आम्हां पुणेकरांना पाळण्यात असल्यापासून पाठ. त्याच पेठांतल्या एका मास्तरणीला तीनशे वर्षांनी स्वतःच्याच गळक्या छपराखाली चौथाईची सनद मिळाली होती. अप्पा बळवंत चौकात जाऊन मी त्या कायद्याचे पुस्तक विकत घेतले आणि ते कलम पुन्हा वाचले. कायद्याच्या वाक्याला पूर्णविराम लवकर सापडत नाही. पण सापडला तेव्हा वकीलसाहेबांनी सांगितले तेच त्यात होते.

नोटीस लिहायला मला एक संध्याकाळ लागली. कादंबरीचे प्रकरण लिहायला याहून कमी वेळ लागतो. पण खरी अडचण पुढेच होती. मामंजी २००९ साली गेल्यापासून पावती सासूबाईंच्या नावावर होती. सही त्यांची हवी होती, आणि त्या सही करीनात.

"मालकांना नोटीस? या घरातून?" त्या म्हणाल्या. "पानशेतच्या वेळी काय झालं ते ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होते. शंभर वेळा ऐकलेले होते. १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सासूबाईंचे लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले होते. आमचा वाडा उंचावर, तो वाचला. त्यांचे माहेर नदीकाठी होते, ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे आई-वडील आणि दोन धाकटे भाऊ ओल्या कपड्यांनी या चौकात येऊन उभे राहिले. मालकांच्या आईने काही न विचारता ओसरीवरची पडवी त्यांना रिकामी करून दिली. तीन महिने ते चौघे तिथे राहिले. भाडे नाही, बोलणे नाही. आताचे मालक तेव्हा पाच वर्षांचे होते. ते सासूबाईंच्या कडेवर बसून पुराची घाण पाहायला जात.

"त्या बाईच्या मुलाला मी कोर्टाचा कागद पाठवू?"

"कोर्टाचा नाही आई, आपलाच आहे. घर नीट करा एवढंच त्यात म्हटलंय."

"तेच तोंडानं सांग."

"तीन वर्षं सांगतेय."

त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी मामाकडून आली आणि सवयीने आपली गादी त्या भिंतीशी घालू लागली. सासूबाईंनी तिला हात धरून उठवले, गादी ओढून टेकूच्या पलीकडे नेली, आणि मला म्हणाल्या, "आण तो कागद." त्यांनी चष्मा लावला, सगळी नोटीस वाचली, एका ठिकाणी "कृपया" हा शब्द घालायला लावला आणि सही केली.

नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोहोचपावतीसह पाठवायची होती. मालक आमच्या जिन्याखाली राहत; आमच्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत बावीस पायऱ्या आणि चौक. ती नोटीस मी पिशवीत घालून त्यांच्या दारावरूनच पोस्टात घेऊन गेले. ते दारात बसून वर्तमानपत्र वाचत होते. "काय सूनबाई, भाजीला?" त्यांनी विचारले. मी "हो" म्हटले. त्या खोट्याची मला अजून शरम वाटते. तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन चौकात आला आणि मालकांना हाक मारली. मी आणि सासूबाई सज्जात तांदूळ निवडत होतो. मालकांनी सही केली, पाकीट फोडले, उभ्यानेच वाचले आणि मान वर करून सज्जाकडे पाहिले. सासूबाईंनी नजर तांदळातून काढली नाही. मी पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरे वाटले असते. राग नव्हता.

पंधरा दिवस काही झाले नाही. पुढे आणखी आठवडाभर थांबलो. त्या वर्षी पाऊस उशिरा आला म्हणून निभावले. भाडे न्यायला मालक वर आले नाहीत, तेव्हा ते मनीऑर्डरने पाठवले. म्हणजे ८४ रुपयेही त्या बावीस पायऱ्या पोस्टातून उतरले. मग आम्ही माणसे लावली. जुन्या लाकडाचे काम जाणणारा एक म्हातारा सुतार मिळाला. त्याने पत्रे उतरवले, कुजलेले दोन वासे बदलले, तुळईच्या खाल्लेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या आवळल्या आणि जुन्या वाड्यांच्या मोडीतून मिळालेली कौले बसवली. गवंड्याने भिंतीवरचे सिमेंट खरवडून काढले, पोट उतरवून तो भाग नव्याने रचला आणि मातीचुन्याचा गिलावा दिला. मी दारात वही घेऊन उभी. खिळे, कौले, चुना, हमाली, सगळ्याची पावती मागत होते. कौलेवाल्याने रक्कम विडीच्या पाकिटावर लिहून दिली, तेव्हा मी त्याला परत पाठवून छापील पावती आणवली. तो जाताना सुताराला म्हणाला, "बाई मास्तरीण आहे काय?"

शेवटच्या दिवशी सुताराने टेकू काढला. मधली खोली एकदम सभागृहाएवढी वाटली. मुलीच्या उंचीच्या खुणा असलेला तो वासा आम्ही सज्जात उभा करून ठेवला.

त्याच संध्याकाळी मालक वर आले. पुष्कळ वर्षांनी. त्यांनी छताकडे पाहिले, भिंतीवर हात फिरवला आणि खाली बसले.

"नोटीस पोस्टानं कशाला पाठवलीत सूनबाई? हाक मारली असती तर आलो असतो."

"हाका तीन वर्षं मारत होते काका," मी म्हटले.

ते काही वेळ गप्प राहिले. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला खोटं सांगत नाही. वाड्यात आम्ही पाच भावंडांचे हिस्से आहेत. पैसे घालायला कोणी तयार नाही आणि विकायला सगळे तयार आहेत. बिल्डर दर महिन्याला येऊन जातो. तो म्हणतो, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, पालिकेची धोकादायक म्हणून नोटीस निघाली की सगळं आपोआप होईल. मी मुद्दाम वाईट काम करवलं नाही. पण चांगलं करवायला जीवही झाला नाही."

मी त्यांना म्हणू शकले असते की, इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क पडत नाही. तसे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे. हे मी पुस्तक घेतल्यापासून पाठ केले होते. परंतु बोलले नाही. सासूबाई मात्र बोलल्या. "अरे, तू पाच वर्षांचा होतास तेव्हा माझी माणसं तुझ्या आईनं भिजू दिली नाहीत. माझ्या नातीच्या उशाशी भिंत पडली, ती मी तुला कशी सांगायची राहिले, सांग." मालकांनी मान खाली घातली. मी चहा केला. त्यांनी तो घेतला.

खर्च झाला होता १८,९०० रुपये. मी वहीत हिशेब मांडला. वर्षाचे भाडे १,००८. त्याची चौथाई २५२. म्हणजे महिन्याला २१ रुपये कापायचे आणि ६३ द्यायचे. १८,९०० ला २५२ ने भागले. मी तिसरी-चौथीच्या मुलांच्याही शिकवण्या घेते. भागाकार चुकला असेल असे मला वाटेना, तरी दोनदा केला. उत्तर आले ७५. पंच्याहत्तर वर्षे! सासूबाई तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या. हे म्हणाले, "आईच्या एकशेचोपन्नाव्या वर्षी आपण फिटलो."

चेष्टा झाली; पण मालक पुढच्या महिन्यापासून पावतीवर "भाडे ८४, पैकी दुरुस्ती २१ वजा" असे लिहून देऊ लागले. ते लिहिले जाणे मला १८,९०० रुपयांहून मोलाचे वाटले. त्याच २५ सप्टेंबरला रात्री पुण्यावर आभाळ फाटले. आंबील ओढ्याला पूर आला, कितीतरी घरे गेली, माणसे वाहून गेली. आम्ही रात्रभर जागे होतो. कौलांवर पाणी नुसते ओतत होते. पातेले, परात, बादली फळीवरच होती. पहाटे सासूबाईंनी उठून भिंतीला पाठ लावली आणि म्हणाल्या, "कोरडी आहे."

पुढे चार-सहा महिन्यांनी मला एक गोष्ट कळली. दर महिन्याच्या पाच तारखेला मी ६३ रुपये देऊन पावती घेतली की, दुपारी सासूबाई खाली जात आणि मालकांच्या बायकोच्या हातात २१ रुपये ठेवीत. मला राग आला. एवढी नोटीस, एवढ्या पावत्या कशासाठी केल्या मग?

त्या शांतपणे म्हणाल्या, "आधी दिले असते तर ते भिऊन दिल्यासारखं झालं असतं. आता आपले आहेत, म्हणून देते. त्या पडवीचं तीन महिन्यांचं भाडं राहिलंय माझ्याकडे."

मी पुष्कळ दिवस या वाक्याशी भांडत होते. अजूनही ते मला पुरते पटलेले नाही. पण एवढे कळले की, हक्क हातात आल्यावरच तो सोडता येतो. त्याआधी सोडतो म्हणतो, ती बहुतेक वेळा आपली भीतीच असते. आपण तिला भलेपणा, उपकार, शेजारधर्म अशी नावे देतो. माझ्या शाळेतल्या त्या बाईंनाही मी हेच सांगितले. त्यांना भाडेकरूचे ते कलम नाही. त्यांच्या हातात करारात लिहिलेले तेवढेच. पुढच्या करारात त्यांनी दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची हे लिहून घेतले. मालक कुरकुरला, पण त्याने सही केली.

सासूबाई २०२३ च्या माघात गेल्या. तेराव्यानंतर मालक स्वतः वर आले आणि पावती आमच्या ह्यांच्या नावाने करून दिली. आईबरोबर त्याच घरात राहणाऱ्या मुलाकडे भाडेहक्क येतो हे मला ठाऊक होते. पण मला पुस्तक उघडावे लागले नाही. पावतीवर २१ रुपये वजा लिहिलेले होते. भाड्यात चार टक्क्यांची वाढ मालकांनी तेव्हापासून मागितलेली नाही.

वाडा अजून उभा आहे. बिल्डर अजून येतो. कधीतरी भावंडे एक होतील आणि वाडा पडेल; तेव्हा आमची नव्या इमारतीतली जागा कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही, हे मालकांना सांगून ठेवले आहे. त्यांनीही "घ्याच लिहून" असे म्हटले आहे.

ते २१ रुपये आता खाली कोण देते, असे एखादा वाचक विचारील. कोणी देत नाही. सासूबाईंचे मन मला आलेले नाही, आणि पडवीत राहिलेली माणसे माझी नव्हती. मी दर महिन्याला ६३ देते, २१ कापते आणि वहीत मांडते. त्या हिशेबाने आमची चौथाई २०९४ साली पुरी होईल.